तंत्रिका कोशिकांतील पटल-वाहतूक व प्रथिने

तंत्रिका कोशिकेत पटलवेष्टित सूक्ष्म पुटिका तयार होणे, त्या अक्षतंतूतून पुढे नेल्या जाणे, टोकाशी कोशिका पटलात मिसळून त्यांतील तंत्रिका प्रेषक द्रव्य बाहेर पडणे व त्या पटलापासून नव्या पुटिका बनणे, या प्रक्रियांना पटल-वाहतूक म्हणतात. तिच्या प्रत्येक टप्प्यावर विशिष्ट प्रथिने कार्य करतात. या प्रथिनांच्या अभ्यासाच्या इतिहासात मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेला महत्त्वाचे स्थान आहे.

प्रेषक द्रव्य ठराविक मात्रांनी बाहेर पडते, असे बर्नार्ड कॅट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०–६० या दशकात दाखविले. तथापि त्यामागील रेणू अज्ञात होते. अशी प्रथिने पूर्णपणे नाहीशी झाल्यास प्राणी जगत नाही, ही अभ्यासातील मोठी अडचण होती. केवळ उष्णतेने पंगू होणाऱ्या उत्परिवर्तित फळमाश्यांमुळे ती दूर झाली.

ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये उपर्युक्त संस्थेत रेणवीय जीवविज्ञान विभाग सुरू केला. त्यांचा व सीमोर बेन्झर यांचा अशा माश्यांवरील निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ‘कोमाटोज’ हा वाण सु. ३८° से. तापमानास निश्चेष्ट होतो व सावकाश सावरतो. ‘शिबिरे’ हा वाण १९७३ मध्येच कॅनडात वर्णिला गेला होता, तो सु. २९° से.ला पंगू होतो व थंड होताच पुन्हा हालचाल करतो. तापविलेल्या शिबिरे माशीच्या तंत्रिकाग्रांतील पुटिका संपून जातात, असे १९८३ मध्ये आढळले. पटलातून नवी पुटिका खुडून वेगळी करणारे डायनॅमीन हे प्रथिन तिच्यात सदोष असते, हे १९९१ मध्ये सिद्ध झाले.

कोमाटोजचे कोडे १९९५ मध्ये सुटले. जेम्स रॉथमन यांच्या गटाने सस्तन प्राण्यांच्या कोशिकांतून वेगळे केलेले एनएसएफ हे प्रथिनच तिच्यात बिघडलेले होते. पुटिका व पटल यांना जोडणारी स्नेअर प्रथिने कार्य संपल्यावर परस्परांत गुंतून राहतात. एनएसएफ ती सोडवून पुन्हा वापरण्याजोगी करते. स्नेअर गटातील एका प्रथिनाचे धनुर्वाताचे विष तुकडे करते, हे १९९२ मध्ये उघडकीस आले होते. रॉथमन, रँडी शेकमन व टोमास झ्यूडहोफ यांना पुटिका-वाहतुकीवरील संशोधनाबद्दल २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबईत ही परंपरा के. एस. कृष्णन यांनी पुढे चालविली. डायनॅमिनाला लागणारे ऊर्जाद्रव्य पुरविणारे एंझाइमही पुटिकांच्या पुनर्निर्मितीस आवश्यक असते, असे त्यांनी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखविले. संध्या कौशिका यांच्या गटाने सूत्रकृमींत पुटिकांची अक्षतंतूतील वाटचाल अभ्यासली. माशीच्या पंगुत्वापासून सुरू झालेला हा शोध अशा रीतीने सर्व प्राण्यांच्या कोशिकांना समान असलेल्या यंत्रणेपर्यंत पोहोचला.