न जिंकलेल्या देशांची शिरगणती

एप्रिल १९६४. जर्मनीने दुसरे महायुद्ध जिंकले आहे आणि बर्लिनमध्ये हिटलरच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाची तयारी चालू आहे. शहराबाहेर तळ्याकाठी एक प्रेत सापडते. तपास करणाऱ्या झेवियर मार्चला कळते, की हा योसेफ ब्यूलर. आणि बावीस वर्षांपूर्वीच्या एका बैठकीला हजर असलेली माणसे एकेक करून मारली जात आहेत.

ही रॉबर्ट हॅरिस यांच्या १९९२ सालच्या ‘फादरलँड’ कादंबरीची कथा. काल्पनिक, पण ती बैठक काल्पनिक नाही. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे तळ्याकाठच्या एका बंगल्यात हायड्रिखने पंधरा जणांना एकत्र बसवले होते. ब्यूलर त्यांतलाच. (प्रत्यक्षात त्याला १९४८ मध्ये पोलंडमध्ये देहदंड झाला.) ज्यूंच्या संहाराचा निर्णय याच बैठकीत झाला, असे सर्रास लिहिले जाते. ते बरोबर नाही. सोव्हिएत भूमीवर सामूहिक हत्या १९४१ च्या उन्हाळ्यातच सुरू झाल्या होत्या. वान्झेला ठरली ती खात्याखात्यांतली कामाची वाटणी, तीही जेमतेम दीड तासात.

आइखमनने तयार केलेल्या इतिवृत्तात देशवार ज्यूंच्या संख्येचा एक तक्ता आहे. एकूण आकडा १ कोटी १० लाखांहून अधिक. मित्रहो, त्यातल्या ओळी सावकाश वाचा: इंग्लंड ३,३०,०००. स्वित्झर्लंड १८,०००. आयर्लंड ४,०००. यांपैकी एकही देश जर्मनीच्या ताब्यात नव्हता. जगज्जेत्या नाझी साम्राज्याची कल्पना कादंबरीकारांनी रंगवली, असे आपण समजतो. येथे तर कारकुनांनी ती आधीच आकडेमोडीत उतरवलेली दिसते. हॅरिस यांचे खरे यश मला त्यांच्या भव्य काल्पनिक बर्लिनपेक्षा हा कागद कथेच्या केंद्रस्थानी ठेवण्यात वाटते.

इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या. हाती लागली ती केवळ सोळावी, परराष्ट्र खात्यातील मार्टिन लुथरची. कादंबरीतला लुथर असेच पुरावे घेऊन अमेरिकेच्या आश्रयाला जाऊ पाहतो. खऱ्या लुथरचे असे काही धाडस नव्हते. आपला वरिष्ठ रिबेनट्रॉप याला पाडण्याच्या खटपटीत तोच १९४३ मध्ये पकडला गेला, साक्सेनहाउझेनच्या छावणीत पडला आणि १९४५ मध्ये मेला. त्याची प्रत मात्र खात्याच्या दप्तरातच राहिली. १९४७ मध्ये न्युरेंबर्ग खटल्यांसाठी कागद चाळणाऱ्या रॉबर्ट केम्पनर यांच्या पथकाला ती सापडली.