माद्रिद वाचवणारे दोन कागद

स्पॅनिश यादवी युद्धात नोव्हेंबर 1936 मध्ये माद्रिद वाचले ते परदेशी स्वयंसेवकांच्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमुळे, असे आजही सर्रास लिहिले जाते. त्या आठवड्यातल्या हुकमांच्या तारखा क्रमाने लावल्या की हे विधान टिकत नाही.

6 नोव्हेंबरला बंडखोर सेनानी फ्रँकोच्या फौजा शहराच्या वेशीवर होत्या. पंतप्रधान लार्गो काबायेरो यांच्या प्रजासत्ताक सरकारने त्याच दिवशी वालेन्सियाला हलायचे ठरवले. निघण्यापूर्वी युद्धखात्याचे उपसचिव जनरल आसेन्सिओ यांनी दोन सेनापतींच्या हाती मोहोरबंद लिफाफे ठेवले. एक माद्रिदच्या बचावासाठी मागे राहणाऱ्या जनरल मियाखांसाठी, दुसरा मध्य आघाडीचे प्रमुख जनरल पोझास यांच्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी सहापूर्वी ते उघडायचे नाहीत, अशी सूचना होती. शत्रू दाराशी असताना रात्र वाया घालवणे दोघांनाही परवडणारे नव्हते. त्यांनी लिफाफे तेव्हाच फोडले आणि अदलाबदल उघड झाली. मियाखांच्या लिफाफ्यात पोझासना वालेन्सियाच्या रस्त्यावरच्या तारानकोनला मुख्यालय हलवण्याचा हुकूम होता. मियाखांचा हुकूम पोझासकडे होता: सरकारातल्या पक्षांचे प्रतिनिधी घेऊन संरक्षण समिती, म्हणजे ‘हुंता’, स्थापावी आणि काहीही झाले तरी राजधानी राखावी. तरीही ती सोडावी लागलीच तर क्वेन्काच्या दिशेने माघार घ्यावी. राखण्याचा आणि सोडण्याचा असे दोन्ही मार्ग एकाच कागदावर होते. माझ्या मते सरकारला शहराची आशा उरली नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. सूचना पाळून दोघेही सकाळपर्यंत थांबले असते, तर सकाळी प्रत्येकाच्या हाती दुसऱ्याचाच हुकूम पडला असता.

मियाखांचे सेनाप्रमुख झाले लेफ्टनंट कर्नल विसेन्ते रोखो. एकेकाळी ते टोलेडोच्या पायदळ अकादमीत शिकवत. त्या रात्री युद्धखात्याच्या इमारतीत त्यांचे पहिले काम अगदी साधे होते: कोणत्या रस्त्यावर कोणाची तुकडी उभी आहे, तिच्याकडे किती माणसे आणि किती काडतुसे आहेत, हे शोधून काढणे. सरकार जाताना याचा धड नकाशाही मागे राहिला नव्हता.

दुसरा कागद शत्रूकडून आला. 7 तारखेला निकामी झालेल्या एका इटालियन हलक्या रणगाड्यातल्या मृत अधिकाऱ्याजवळ फ्रँकोच्या बाजूच्या जनरल वारेलांचा हल्ल्याचा हुकूम सापडला. त्यानुसार काराबांचेलकडून दक्षिणेच्या पुलांवर येणारा दबाव निव्वळ हुलकावणी होती. खरा घाव कासा दे काम्पोच्या रानातून येऊन विद्यापीठनगरी आणि प्लासा दे एस्पान्या यांच्यामधल्या भागावर पडणार होता. पण हुकमातला मुहूर्त होता 7 तारखेचाच, म्हणजे कागद शिळा झाला होता. रोखोंचे कसब इथे दिसते. वारेलांच्या तुकड्या दिवसभरात ठरलेल्या जागी पोचल्याच नव्हत्या, तेव्हा तीच योजना उद्या अमलात येणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कागद मुद्दाम पेरलेला असण्याची शक्यता होती. तो धोका पत्करून त्यांनी रातोरात कासा दे काम्पोची फळी मजबूत केली. 8 तारखेला हल्ला तिथेच झाला आणि तिथेच अडला.

त्याच दिवशी अकराव्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचे सुमारे 1,900 जण शहरातून कूच करत गेले. त्यांचा मोठा प्रतिहल्ला 9 तारखेच्या संध्याकाळी झाला. ते शौर्याने लढले, अनेक जण मेले, शहराला त्यांच्यामुळे धीरही आला. पण पहिला घाव झेलला तो मिलिशियातल्या स्पॅनिश कामगारांनी आणि उरल्यासुरल्या सैनिकांनी. पुढे 15 तारखेला शत्रू मान्सानारेस नदी ओलांडून विद्यापीठनगरीत शिरला. तिथे खोल्याखोल्यांतून झुंज झाली आणि 23 तारखेला फ्रँकोने समोरून हल्ले थांबवले. माद्रिद पडले 28 मार्च 1939 ला.

याच दिवसांचे आणखी एक दफ्तर आहे आणि ते वगळून ही हकीकत पुरी होत नाही. हुंतात सुव्यवस्थेचे खाते 21 वर्षांच्या सान्तियागो कारियोंकडे होते. 8 नोव्हेंबरच्या अराजकवादी संघटनेच्या बैठकीच्या इतिवृत्तात, त्या खात्यातल्या समाजवादी तरुणांशी झालेला करार नोंदला आहे: कैद्यांची वर्गवारी करायची आणि धोकादायक ठरलेल्यांना ताबडतोब ठार मारायचे. 7 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर या काळात पाराकुएयोस आणि तोर्रेखोन इथे दोन हजारांहून अधिक कैद्यांना तुरुंगांतून नेऊन गोळ्या घालण्यात आल्या. रोखोंनी 7 तारखेच्या रात्री शहर वाचवले, हे मी निःशंकपणे म्हणतो. त्याच शहराच्या सुव्यवस्था खात्याच्या हातांवरचे हे रक्तही तितकेच निर्विवाद आहे आणि माद्रिदच्या बचावाचा गौरव करणाऱ्या प्रत्येकाने ते इतिवृत्त वाचलेच पाहिजे.