मुलाचे बूट, आईचे पाय

डॉक्टरांनी “रोज चालायला जा” असं सांगितलं की आपण आधी घरातच शोधाशोध करतो. माळ्यावर मुलाचे जुने पीटीचे बूट सापडतात. पुढे थोडा कापूस कोंबला की बसतात, नवीन कशाला घ्यायचे? तेही नसले तर रोजची चप्पल आहेच. पंधरा दिवसांत टाच ठणकायला लागते, पोटऱ्या भरून येतात आणि चालणं बंद पडतं. मग आपण वयाला दोष देतो. पण पुष्कळदा दोष वयाचा नसतो, बुटांचा असतो. कुठल्या व्यायामाला कुठला बूट, हे समजून घ्यायचं तर हे बूट कसे जन्मले ते पाहायला हवं, म्हणून आज थोडा इतिहास सांगते.

आपल्या आजीच्या व्यायामाला बूट लागत नव्हते. मंगळागौरीची फुगडी, झिम्मा अनवाणीच. खो-खो, हुतूतू मातीवर. सारवलेली जमीन आणि मैदानाची माती पायाला थोडं सांभाळून घ्यायची आणि लहानपणापासून अनवाणी वावरल्यामुळे तळवेही घट्ट झालेले असायचे. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अख्खी मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटर, अनवाणी धावला आणि सुवर्णपदक घेऊन गेला. म्हणजे अनवाणी पाय कमजोर नसतो. पण त्याच्या पायांना त्याची सवय होती. शिवाय हाच बिकिला चार वर्षांनी टोकियोत बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. आपण आज चालतो ते सिमेंटच्या रस्त्यावर आणि फरशीवर. तिथे जमीन काहीच सोसत नाही, सगळा दणका टाचेला आणि गुडघ्याला बसतो.

व्यायामाचा बूट शक्य झाला तो रबरामुळे. पूर्वीचं रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ करण्याची रीत सापडली. मग कापडी बुटाला रबरी तळ लावता येऊ लागला. इंग्लंडमध्ये अशा बुटांना ‘प्लिमसोल’ म्हणत. बुटाभोवतीची रबरी पट्टी जहाजावरच्या भाररेषेसारखी दिसायची आणि त्या रेषेला प्लिमसोल यांचं नाव होतं, म्हणून हे नाव पडलं. पुढे बाटा कंपनी भारतात आली, १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर उभं राहिलं आणि कॅनव्हासचे पांढरे बूट देशभरातल्या शाळांच्या कवायतीत दिसू लागले. धावायला, उडी मारायला, कवायतीला, सगळ्याला तोच एक बूट.

पण खेळ बदलला की पायाची हालचाल बदलते, हे हळूहळू लोकांच्या लक्षात येत गेलं. १९१७ मध्ये अमेरिकेत बास्केटबॉलसाठी घोटा झाकणारा ‘ऑल स्टार’ बूट आला. जर्मनीत डासलर बंधू धावपटूंसाठी तळाला खिळे असलेले बूट बनवत. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणाऱ्या जेसी ओवेन्सने त्यांचे बूट वापरले होते. पुढे दोघा भावांचं बिनसलं आणि एकाच गावात दोन कंपन्या झाल्या, आदिदास आणि प्यूमा. १९७१ च्या सुमारास अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन हलका पण पकड घेणारा तळ शोधत होते. त्यांनी काय करावं? बायको बार्बरा हिचा वॉफल भाजायचा साचा घेतला आणि त्यातच रबराचं मिश्रण ओतलं! साचा कायमचा वाया गेला, पण त्या चौकडीच्या नक्षीतून नायकी कंपनीचा गाजलेला तळ तयार झाला. यंदा आपल्या आप्पेपात्रात कोणी असला प्रयोग केला तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

या सगळ्या शोधांत बाईचं पाऊल मात्र कुणी मोजत नव्हतं. १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये बायका ८०० मीटर धावल्या. त्या दमून कोसळल्या, असा गवगवा झाला आणि ती शर्यतच बंद केली गेली, ती थेट १९६० पर्यंत. १९६६ साली बॉबी गिब या तरुणीने बोस्टन मॅरेथॉनसाठी अर्ज केला. बायकांच्या शरीराला इतकं अंतर झेपत नाही, असं तिला कळवण्यात आलं. सुरुवातीच्या जागेजवळ झुडपात लपून ती धावकांच्या घोळक्यात शिरली आणि शर्यत पूर्ण केली, तीही ३ तास २१ मिनिटांत. सरावाच्या वेळी ती नर्सचे बूट घालायची, कारण बायकांसाठी धावण्याचे बूट मिळतच नव्हते. शर्यतीसाठी तिने मुलग्यांच्या मापाचे बूट विकत घेतले. शेवटी शेवटी पायांना इतके फोड आले होते की पाऊल टाकवत नव्हतं. तिचं शरीर कमी पडलं नव्हतं, बूट कमी पडले होते.

बाईचं पाऊल म्हणजे पुरुषाच्या पावलाची लहान प्रत नव्हे. पुढचा चवडा आणि टाच यांची तुलना केली तर आपली टाच बहुधा अरुंद असते. मुलाचा बूट चवड्याला बसला तर टाचेत सुटतो, टाचेला बसला तर चवड्याला चावतो. १९८२ मध्ये बायकांच्या एरोबिक्सची लाट आली, तेव्हा कुठे रिबॉकने खास बायकांसाठी ‘फ्रीस्टाइल’ नावाचा व्यायामाचा बूट काढला. दोन वर्षांनी, १९८४ ला, बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली.

आपल्याकडचं उदाहरण स्वप्ना बर्मनचं. पश्चिम बंगालमधल्या जलपायगुडीची ही मुलगी. तिच्या दोन्ही पावलांना सहा-सहा बोटं. तिचा प्रकार हेप्टॅथलॉन, म्हणजे धावणं, अडथळे, उड्या, गोळाफेक, भालाफेक मिळून सात स्पर्धा. बाजारातले बूट चावायचे, तरी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं आणि जिंकल्यावर जाहीरपणे मागणं केलं, की मला माझ्या पायाचे बूट द्या. त्यानंतर आदिदासने तिच्या पावलांची मापं घेऊन बूट करून दिले. आपण दुकानात मात्र “थोडा घट्ट आहे, पण चालेल” म्हणून गप्प बसतो.

आता कामाचं बोलू. चालताना टाच आधी टेकते आणि पाऊल पुढे वळत जातं. म्हणून चवड्याजवळ सहज वाकणारा आणि टाचेला घट्ट धरणारा बूट हवा. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो, त्यासाठी जाड, मऊ तळ लागतो. धावण्याच्या बुटात चालता येतं. बॅडमिंटन मात्र त्यात खेळू नका. तिथे पाय आडवा सरकतो आणि उंच, मऊ तळावरून घोटा मुरगळतो. त्याला बसका, रुंद, बाजूने भक्कम बूट हवा. झुंबा-एरोबिक्समध्ये उड्याही असतात आणि गिरक्याही, म्हणून चवड्याखाली गादी हवी, पण तळ जमिनीला चिकटून बसणारा नको, नाहीतर पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. जिममध्ये वजन उचलायचं असेल तर मऊ तळ खाली दबतो आणि तोल जातो. तिथे सपाट, टणक तळ चांगला. म्हणजे पायाला नीट बसत असतील तर ते कॅनव्हासचे पीटीचे बूट इथे उपयोगी पडतात! योगासनं आणि सूर्यनमस्कार अनवाणीच करा.

खरेदीला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. सोबत मोजे न्या. दोन्ही पायांत घाला, कारण एक पाऊल बहुधा मोठं असतं, माप त्याचं घ्यायचं. उभं राहिल्यावर अंगठ्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा उरली पाहिजे. बूट हातात घेऊन वाकवून बघा, तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. बाळंतपणानंतर पाऊल थोडं लांब आणि पसरट होऊ शकतं, म्हणून लग्नातल्या मापावर जाऊ नका, नव्याने मोजा. “वापरून सैल होतील” हे दुकानदाराचं म्हणणं ऐकू नका. मधुमेह असेल तर बूट घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा आहे का बघा, पायांना बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारूनच बूट घ्या. तळ एका बाजूने झिजला किंवा आतली गादी दबून गेली, की वरून बूट नवा दिसला तरी त्याचं काम संपलं.

एवढं सगळं घ्यायला पैसे कुठून आणायचे, असं तुम्ही म्हणाल. सगळं घ्यायचं नाहीच. तुम्ही आठवड्यात सगळ्यात जास्त कुठला व्यायाम करता, तेवढं ठरवा आणि त्याचा एकच जोड घ्या. महाग किंवा नावाजलेला नसला तरी चालेल, पण तुमच्या मापाचा घ्या. मुलाला शाळेचे बूट घेताना आपण दुकानात चार जोड घालून बघायला लावतो, अंगठा दाबून जागा तपासतो. पुढच्या वेळी त्याच बाकावर स्वतः बसा आणि तेवढाच वेळ स्वतःच्या पायांना द्या.