काशीचे वळण आणि कासवांचे अभयारण्य

गंगेच्या आधुनिक इतिहासात १९८६ या वर्षाला दुहेरी महत्त्व आहे. त्या वर्षी जूनमध्ये वाराणसीत गंगा कृती योजनेचा शुभारंभ झाला. त्याच वर्षी हल्दिया ते अलाहाबाद हा १६२० किलोमीटरचा प्रवाह ‘राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १’ म्हणून घोषित झाला. एका निर्णयाला नदी स्वच्छ हवी होती, दुसऱ्याला जहाजांपुरती खोल. पुढे या दोन्हींची गाठ काशीजवळच्या अवघ्या सात किलोमीटरांत पडली.

नदीत सोडले जाणारे अर्धवट जळालेले मृतदेह कासवांनी खाऊन संपवावेत, ही कृती योजनेतील एक कल्पना होती. त्यासाठी सारनाथच्या केंद्रात अंडी उबवून हजारो कासवे गंगेत सोडण्यात आली. १९८९ मध्ये रामनगरचा किल्ला ते मालवीय पूल हा पट्टा कासव अभयारण्य झाला. कासवे वाळूत अंडी घालतात. म्हणून तेथे वाळूउपशावर बंदी आली.

या बंदीमुळे पूर्व तीरावर वाळूचे ढीग वाढले आणि प्रवाह पश्चिमेकडील घाटांवर रेटला जाऊन त्यांचा पाया पोखरू लागला, अशी तक्रार शहरात होऊ लागली. पुढे जलमार्गासाठी रामनगरजवळ बंदर उभे राहिले; २०१८ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. आता अभयारण्य जहाजांच्या वाटेतही होते.

घाटांची काळजी रास्त होती. पण कारणमीमांसा तपासायला हवी. काशीला गंगा चंद्रकोरीसारखे वळण घेत उत्तरेकडे वाहते. घाट वळणाच्या बाहेरच्या काठावर आहेत, वाळू आतल्या काठावर. वळणावर पृष्ठभागाचे वेगवान पाणी बाहेर फेकले जाते; तेथे पातळी किंचित चढते आणि त्या दाबाने तळाचे संथ पाणी आतल्या काठाकडे सरकते. जाताना ते वाळू सोबत नेते. चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मध्यभागी का गोळा होते, या प्रश्नावरून आइनस्टाइनने १९२६ च्या लेखात नद्यांच्या वळणांचे हेच स्पष्टीकरण दिले होते. म्हणजे पूर्व तीरावरील वाळू मुळात वळणाने आणलेली आहे. बंदीने फार तर ती उचलून नेणे थांबवले. शिवाय घाट खचण्याचा इतिहास अभयारण्याहून जुना आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला घाट आपल्याच भाराने खचला, तेव्हा अभयारण्याची कल्पनाही कोणी केली नव्हती.

२०२० मध्ये अभयारण्याचा दर्जा काढून घेण्यात आला. गजबजलेल्या शहरी पट्ट्यात कासवे टिकत नाहीत, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नव्हता. प्रयागराज, मिर्झापूर आणि भदोही जिल्ह्यांत सुमारे ३० किलोमीटरचे नवे अभयारण्यही घोषित झाले. मात्र २०२१ मध्ये घाटांवरील दाब कमी करण्यासाठी समोरच्या वाळूतून सुमारे ५.३ किलोमीटर लांब आणि ४५ मीटर रुंद कालवा खोदण्यात आला, तेव्हा नदीतज्ज्ञांनी धोक्याची सूचना दिली होती. त्याच पावसाळ्यात पूर आला आणि कालवा वाळूने बुजला.

वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय मंडळाच्या शिफारशीशिवाय राज्य सरकारला अभयारण्याची सीमा बदलता येत नाही. ही तरतूद मोलाची आहे. पण ती सीमेपुरती. सीमा हटल्यावर जो गाळउपसा होतो, त्याचा हिशेब वेगळा मागावा लागतो. दर पावसाळ्यात नदी येथे किती वाळू आणते? उपसलेली जागा किती दिवसांत भरते? दरवर्षीच्या उपशाचा खर्च कोण करणार? आणि अंडी घालण्याच्या काळात यंत्रे थांबणार का?

नदीचे मोजमाप करू शकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी हे प्रश्न खोदकामाच्या निविदा निघण्यापूर्वीच विचारायला हवेत. काशीत त्यांची उत्तरे पुराने दिली, पण तोवर पैसा खर्च झाला होता आणि अभयारण्यही उरले नव्हते.