सेकंदाला सोळा चित्रे

संगणकाचे ग्राफिक्स कार्ड पारखणारे आजचे तरुण त्यावर एखादा अवजड खेळ चालवून दोनच गोष्टी न्याहाळतात: सेकंदाला चित्रे किती उमटतात, आणि त्यांतले प्रत्येक चित्र कितपत रेखीव व निष्कंप आहे. या दुहेरी परीक्षेचा आपल्याकडील पूर्वेतिहास शोधू गेल्यास तो १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले चित्रपटकार धुंडिराज गोविंद फाळके यांच्यापाशी येऊन ठेपतो.

१९१२ मध्ये विलायतेहून विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणल्यावर, सावकाराची खातरजमा व्हावी म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या अंकुराची वाढ चित्रित केली. रोज एकच चित्र याप्रमाणे महिनाभर घेऊन मिनिटभराचा चित्रपट सिद्ध झाला, असे सर्रास सांगितले जाते. परंतु सेकंदाला सोळा चित्रे हा त्या काळचा प्रचलित हिशेब धरला, तर तीस चित्रे दोन सेकंदांतच संपतात, आणि मिनिट भरण्यास सुमारे साडेनऊशे चित्रे, म्हणजे रोजची तीसबत्तीस तरी हवीत. आख्यायिकेहून हा हिशेबच मला अधिक विस्मयकारक वाटतो.

वेग सांभाळायचा तो हाताने दांडी फिरवणाऱ्याने. चित्राच्या स्थैर्याची जबाबदारी मात्र त्याच्या आधीच, कोऱ्या फिल्मला अंधाऱ्या खोलीत छिद्रे पाडणाऱ्या त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंवर येऊन पडे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार छिद्रे, आणि त्यांत केसभर विषमता राहिली की पडद्यावरचे देव थरथरू लागत. १९१३ मध्ये बिऱ्हाड व कारखाना नाशिकास हलवल्यावर चमत्कारदृश्यांचा सोस वाढला, तशी ही परीक्षा अधिकच कठोर झाली, कारण एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करताना छिद्रांची जुळणी चुकली, तर दुसरी प्रतिमा पहिलीवर स्थिर बसत नाही. ‘श्रीकृष्णजन्मा’त कंसाचे शिर धडावेगळे होऊन वर तरंगते, ते दृश्य या जुळणीवरच तोललेले आहे.

१९१४ मध्ये फाळक्यांनी आपले चित्रपट लंडनच्या जाणकारांपुढे ठेवले आणि त्यांच्या तांत्रिक गुणांची तिथे वाखाणणी झाली. पण मुंबईत ३ मे १९१३ रोजी झळकलेल्या मूळ ‘राजा हरिश्चंद्रा’ची आज तशी पारख करणे अशक्य आहे, कारण १९१७ मध्ये तो नाशिकला नव्याने चित्रित करण्यात आला, आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे तुटक अंश जतन झाले आहेत, ते बहुतांशी त्या दुसऱ्या आवृत्तीचेच आहेत.