ख्रिस्ती ईश्वरविद्या व मराठी धर्मपरंपरा

ख्रिस्ती श्रद्धेची तत्त्वे नव्या भाषेत मांडावयाची झाल्यास प्रथम ईश्वर, पाप, मुक्ती, स्वर्ग इत्यादींसाठी शब्द निवडावे लागतात. आणि हे शब्द त्या समाजाच्या पूर्वापार श्रद्धांनी भारलेले असतात. त्यामुळे भाषांतराचा प्रश्न हा वस्तुतः ईश्वरविद्येचा प्रश्न ठरतो. आफ्रिका खंडात या प्रश्नाची चर्चा विसाव्या शतकात विशेष झाली. केन्यातील किकुयू भाषेच्या बायबलमध्ये परंपरागत ‘न्गाई’ हेच ईश्वराचे नाव स्वीकारले गेले. पारंपरिक आफ्रिकी श्रद्धा ही शुभवर्तमानाची पूर्वतयारीच होती, असे मत केन्यातील ईश्वरविद्यावेत्ते जॉन म्बिती (१९३१–२०१९) यांनी प्रतिपादिले. तर अशा मांडणीत आफ्रिकी देवतांना परक्या तत्त्वज्ञानाची वस्त्रे चढविली जातात, असा आक्षेप युगांडाचे कवी ओकोट प’बितेक (१९३१–८२) यांनी घेतला. मराठी भाषिक प्रदेशात हाच प्रश्न त्याच्या सु. साडेतीनशे वर्षे आधी उपस्थित झाला होता.

गोव्यात पोर्तुगीज सत्तेच्या आश्रयाने धर्मप्रसार सुरू झाला, तेव्हा स्थानिक परंपरेविषयीचे अधिकृत धोरण निषेधाचे होते. १५६० मध्ये तेथे इन्क्विझिशन (धर्मन्यायपीठ) स्थापन झाले. १५६७ मध्ये साष्टी प्रांतातील देवळे पाडण्यात आली. १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे ग्रामस्थांनी पाच जेझुइट धर्मोपदेशकांना ठार केले. अशा परिस्थितीत थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) या इंग्रज जेझुइटाने साष्टीत दीर्घकाळ कार्य केले. तो १५७९ मध्ये गोव्यास आला होता. नवख्रिस्तींना त्यांच्या जुन्या पुराणांचे वाचन वर्ज्य झाले होते आणि त्यांची जागा घेईल असे दुसरे काही हाती नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याने रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सु. अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ ‘पहिले पुराण’ व ‘दुसरे पुराण’ अशा दोन भागांत विभागलेला असून त्यांत अनुक्रमे बायबलच्या जुन्या व नव्या करारांतील कथाभाग आला आहे. पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या.

ख्रिस्तपुराणाचे महत्त्व केवळ वाङ्‌मयीन नाही. ओवी हा छंद, श्रोत्याची शंका व वक्त्याचे निरसन ही पुराणाची चौकट आणि वैकुंठ, परमेश्वर, मुक्ती यांसारखे शब्द स्टीफन्सने निःसंकोच स्वीकारले. मात्र आशय त्याने कोठेही सैल केला नाही. बाप्तिस्म्यासारख्या संस्कारांची नावे त्याने युरोपीय भाषांतूनच घेतली. वैकुंठ हा शब्द राहिला, पण तेथील विष्णू गेला. रूप स्थानिक व सिद्धांत रोमन असा हा समन्वय होता. तो दोन धर्मांचा समझोता नव्हता. एतियेन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाने संत पीटरवर रचलेले मराठी पुराणही याच परंपरेतील होय. दक्षिणेत मदुराई येथे रॉबर्ट द नोबिली (१५७७–१६५६) याने याच सुमारास आचारांच्या बाबतीत असाच प्रयत्न केला. परंतु त्यातून उद्भवलेल्या ‘मलबारी आचारां’च्या वादाचा शेवट १७४४ मध्ये पोप चौदावा बेनेडिक्ट याच्या निषेधपर आदेशात झाला. गोव्यात १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावर निर्बंध आले आणि १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने नवख्रिस्तींच्या लग्नविधींतील गाणी, हळद, तुळस अशा अनेक गोष्टींना मनाई केली. यामुळे स्टीफन्सची परंपरा खुंटली.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांनी वेगळा मार्ग अनुसरला. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ पासून व अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे १८३१ पासून सुरू झाले. या काळात वाद-प्रतिवादास महत्त्व आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन व मोरभट दांडेकर यांच्यातील वाद, तसेच विष्णुबुवा ब्रह्मचारी (१८२५–७१) यांनी १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी केलेले वाद प्रसिद्ध आहेत. नीळकंठ (नेहेम्या) गोरे (१८२५–९५) हे काशीत वाढलेले चित्पावन पंडित १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले. त्यांनी षड्दर्शनदर्पण या ग्रंथात हिंदू दर्शनांचे खंडन केले. तथापि हिंदूंची अनन्य भक्ती व वैराग्य ही ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारासाठी ईश्वरानेच करविलेली पूर्वतयारी होय, असेही त्यांनी पुढे म्हटले. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धांत व धर्माधिकाऱ्यांची सत्ता यांविषयी स्वतंत्र विचार करण्याचा हक्क त्यांनी सोडला नाही. त्यांचे बायबलचे सुबोध मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भक्तिमार्ग व ख्रिस्ती श्रद्धा यांचा मेळ घालण्याचा सर्वांत समर्थ प्रयत्न नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी केला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अहमदनगर येथे कार्य केले. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी अभंगात ख्रिस्ताला गुरू व माउली म्हणून आळविले आणि भजन-कीर्तनाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. स्टीफन्सने पुराणाचे रूप घेतले होते; टिळकांनी भक्तीचा भावही घेतला, हा दोहोंतील मुख्य भेद होय. यातून खरी अडचण निर्माण होते. ख्रिस्ती मतानुसार ईश्वराचा देहधारी आविष्कार एकदाच व इतिहासात झाला, तर अवतारकल्पनेत तो युगायुगांत पुनःपुन्हा होतो. कर्मसिद्धांतानुसार ज्याचे त्याने भोगावे लागते, तर ख्रिस्ती श्रद्धेनुसार दुसऱ्याने पापाचे प्रायश्चित्त भरलेले असते. टिळकांनी या भेदांचे तर्काने निराकरण करण्याऐवजी अनुभवावर भर दिला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ हा बंधुसमाज स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी सामावले जावेत, अशी योजना होती. चर्चच्या सीमेबाहेर ख्रिस्ताचा शिष्य असू शकतो, हे त्यामागील गृहीत मिशनच्या दृष्टीने धाडसी होते. टिळकांच्या निधनामुळे तो प्रयोग वाढला नाही. त्यांचे अपूर्ण ख्रिस्तायन लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांनी पुढे नेले.

या सर्व प्रयत्नांत ‘परंपरा’ म्हणजे कोणाची परंपरा, हा प्रश्न बहुधा अनुच्चारित राहिला. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती महार व मांग समाजांतून आले होते. अस्पृश्यतेपासून सुटका व माणूस म्हणून प्रतिष्ठा हा त्यांच्या धर्मांतराचा एक प्रमुख हेतू होता. ज्या वाङ्‌मयाचा अधिकारच त्यांना नाकारला गेला होता, त्यातून ख्रिस्ताचा अर्थ लावणे त्यांना अपुरे वाटणे स्वाभाविक होते. भारतीय ख्रिस्ती ईश्वरविद्या उच्चवर्णीय तत्त्वज्ञानात अडकली आहे, अशी टीका अरविंद पी. निर्मल (१९३६–९५) यांनी १९८० च्या दशकात केली व दलित ईश्वरविद्येचा पाया घातला. याउलट, भजन व कीर्तन हे प्रकार वारकरी पंथात सर्व जातींच्या संतांनी घडविले असल्याने ते केवळ उच्चवर्णीय म्हणता येत नाहीत. चोखामेळ्याचा वारसा दोन्ही बाजूंना लक्षात घ्यावा लागतो.

सिद्धांताच्या पातळीवर वाद चालू असता लोकजीवनात सहअस्तित्व टिकून राहिले. वसईच्या ख्रिस्ती समाजातील लग्नात ‘उंबराचे पाणी’ आणण्याची चाल आढळते. म्हापशाची मिलाग्रीस सायबीण व शिरगावची लईराई या बहिणी होत, अशी गोव्यातील दोन्ही धर्मांच्या भाविकांची श्रद्धा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) स्थानिक संस्कृतींविषयी उदार भूमिका घेतल्यानंतर कॅथलिक उपासनेत मराठीला प्रवेश मिळाला. फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांचे सुबोध बायबल या भाषांतरास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. स्टीफन्सपुढील मूळ प्रश्न मात्र कायम आहे : शब्द स्वीकारला म्हणजे त्यामागील श्रद्धा कितपत स्वीकारली जाते, आणि ती कितपत बदलते. मराठी ख्रिस्ती धर्मविचाराचा इतिहास हा या प्रश्नाला निरनिराळ्या काळी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.