माता रमाई : एका संसाराची हकिकत

रमाईचा फोटो आपल्या घराघरात आहे. पण ती बाई जगली कशी, हे पोरांना नीट सांगायला पाहिजे.

दापोलीजवळचं वणंद हे तिचं गाव. बाप भिकू धोत्रे दाभोळ बंदरात माशांच्या पाट्या वाहायचे. मायबाप लवकर गेले, काकांनी मुंबईला आणलं. १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री लग्न लागलं. नवरी जेमतेम नऊ वर्षांची.

साहेब १९१३ ला अमेरिकेला गेले, पुढे १९२० ला लंडनला. मागं परळच्या चाळीत घर चालवलं रमाईनं. शेणाच्या गोवऱ्या थापल्या, पण कुणापुढं हात पसरला नाही. आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं, पगार लांबला की घरातली बाई काय करते ते आम्हाला ठाऊक आहे!

पाच लेकरं झाली. गंगाधर, रमेश, इंदू गेले. १९२६ ला लाडका राजरत्नही गेला. उरला एकटा यशवंत.

तिला पंढरपूरला जायचं होतं. जिथं लांबूनच हात जोडावे लागतात तिथं जायचं कशाला, म्हणून बाबासाहेबांनी नेलं नाही.

२७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात ती गेली. तेव्हा आपल्या जालन्यावर निजामाचं राज्य होतं. येवल्याची घोषणा त्याच वर्षी ऑक्टोबरात झाली. ती तिनं ऐकली नाही. १९४० च्या पाकिस्तानवरच्या ग्रंथाची अर्पणपत्रिका बाबासाहेबांनी आपल्या 'रामू'च्या नावे लिहिली.

नातू प्रकाश १९५४ ला जन्मले. आजीला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.